पंधरा इंचांवरून सोळावर

शनिवार, २८ सप्टेंबर २०२४, अ‍ॅन आर्बर

मागच्या उजव्या टायरची हवा पुन्हा उतरली. खिळा नाही, काच नाही. दुकानात टायर उतरवल्यावर कारण दिसलं. रिमच्या ज्या कडेवर टायर हवाबंद बसतो, तिथे गंज चढलाय. कारागिराने वायर ब्रश फिरवला तसे नखाएवढे तांबूस पापुद्रे सुटून फरशीवर पडले. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यात पोलादी रिम एवढी वर्षं तगली हेच पुष्कळ. उरलेल्या तिन्ही रिमची गतही वेगळी नाही.

म्हणजे नवी चाकं. गाडी १९९६ ची फोर्ड एफ-१५०, मागच्या चाकांवर चालणारी, ४.९ लिटरचं, ओळीत सहा सिलिंडर असलेलं इंजिन. त्या सालानंतर फोर्डने या गाडीला हे इंजिन दिलं नाही. इंजिन ठणठणीत आहे, त्यामुळे गाडी काढायचा प्रश्नच नाही. मेथी, घेवडा, दुधी मंडईत पोचवायला आणि वाफ्यांसाठी खत आणायला तीच लागते. येत्या वर्षी लेकही तिच्यावरच हात बसवणार आहे.

रविवार, २९ सप्टेंबर

लेकाने एक सेट शोधून आणला. डॉज रॅमची वीस इंची चाकं, टायरसकट, गावातच विकायला आहेत. "आई, पाच नट, आणि नटांच्या वर्तुळाचं मापही आपलंच. मी बघितलंय." खरं आहे. दोन्हींचं वर्तुळ साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. १९९७ च्या नव्या एफ-१५० ला मात्र फोर्डने ते १३५ केलं. त्यामुळे एकाच नावाच्या, एका वर्षाच्या अंतराच्या दोन गाड्यांची चाकं एकमेकींना बसत नाहीत.

संध्याकाळी बारामतीला दादाचा फोन झाला. त्याच्या बोलेरोच्या नटांचं वर्तुळही १३९.७ च! लष्करातल्या विलीज जीपचं माप हेच होतं. महिंद्राच्या गाड्यांची सुरुवात त्या जीपपासूनची, म्हणून आपल्याकडे ते टिकलं असावं. दादा म्हणाला, "नट बसले म्हणजे चाक बसलं असं नाही हं. मधलं भोक बघ."

मंगळवार, १ ऑक्टोबर

व्हर्नियर घेऊन चाकं बघायला गेलो. दादाचा मुद्दा बरोबर निघाला. आमच्या हबचा बाहेर आलेला भाग ८७ मिलिमीटरचा, रॅमच्या चाकाचं मधलं भोक ७७.८ चं. ते हबवर चढणारच नाही. लेथवर भोक मोठं करून देणारे आहेत, बरेच लोक करूनही घेतात. तेवढ्यावर भागलं असतं, तर मी विचार केला असता.

पण टायर २७५/६० आर २०. हा हिशोब लेकाकडून वहीत करून घेतला, कारण तो एकदा हाताने केला की विसरत नाही. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा, टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के. तिसरा, रिमचा व्यास इंचांत. बाजू वर एकदा आणि खाली एकदा येते, म्हणून दुप्पट धरायची. आमचा मूळचा टायर पी २३५/७५ आर १५ : ३८१ अधिक ३५२.५, म्हणजे ७३३.५ मिलिमीटर. रॅमचा : ५०८ अधिक ३३०, म्हणजे ८३८. चौदा टक्क्यांहून जास्त वाढ.

चौदा टक्क्यांनी काय होतं? काटा ताशी ६० मैल दाखवतो तेव्हा गाडी साडेअडुसष्टने पळत असते. आमच्या मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ३.५५ आहे, एवढा मोठा टायर घातला की ते ३.११ असल्यासारखी गाडी ओढते. खताने भरलेला हौदा घेऊन चढावर निघालं की इंजिन दमणार. ब्रेक मात्र तेच राहणार आणि त्यांना जास्त जड, जास्त मोठं चाक थांबवावं लागणार. शिकाऊ मुलाच्या हाती अशी गाडी मी देणार नाही. त्याला तसं स्पष्ट सांगितलं.

शिवाय टायरच्या बाजूवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ३११५. म्हणजे २०१५ च्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. खाचा जवळजवळ नव्यासारख्या आहेत. पण रबर उभ्या गाडीवरही म्हातारं होतं आणि फोर्ड स्वतःच सहा वर्षांनी टायर बदलायला सांगते.

गुरुवार, ३ ऑक्टोबर, घटस्थापना

सकाळी घट बसवले. दुपारी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरची पट्टी ओल्या फडक्याने पुसून वाचली. टायरचं माप, हवेचा दाब, पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलवर चालणारा भार, सगळं तिथे असतं. टायर निवडायला बसायचं ते या पट्टीसमोर. दुकानातल्या भिंतीवर टांगलेल्या चाकांकडे नंतर बघावं.

मापाच्या पुढचा 'पी' म्हणजे मोटारगाडीचा टायर. आमचा त्यातला जादा भाराचा, लोड इंडेक्स १०८, म्हणजे टायरमागे १००० किलो. मात्र असा टायर पिकअपला घातला की त्याची क्षमता १.१० ने भागायची असा अमेरिकेतला नियम आहे, कारण पिकअपला ओझं आणि हिसके जास्त. हजाराचे ९०९ उरतात. हे भागायचं बहुतेकांच्या गावीच नसतं आणि दुकानदारही क्वचितच सांगतो.

पी २३५/७५ आर १५ या मापाचा इतिहास मला विसरता येत नाही. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोनने एटीएक्स आणि विल्डरनेस एटी हे टायर लाखोंनी परत मागवले, ते मुख्यतः याच मापाचे होते. धावत्या टायरची पट्टी आतल्या पोलादी थरांपासून सुटायची आणि गाडी, बहुतेक वेळा फोर्ड एक्सप्लोरर, कोलांटी खायची. अमेरिकेत २७० हून अधिक माणसं दगावली. टायरमध्ये दोष होताच. कमी हवा, उन्हाळा, ओझं आणि वेग एकत्र आले की तो दोष जीव घ्यायचा. त्याच वर्षी कायदा झाला आणि पुढे नव्या गाड्यांना हवा कमी झाल्याची सूचना देणारा दिवा बंधनकारक झाला. आमच्या गाडीला तो दिवा नाही. म्हणून हवेचं गेज डॅशबोर्डच्या कप्प्यात असतं, आणि लेकाने आधी ते वापरायला शिकायचं आहे.

रविवार, ६ ऑक्टोबर

पंधरातच का राहू नये? विचार केला. पण पंधरा इंचांत चांगल्या टायरचे पर्याय आता कमी कमी होत चाललेत. सोळा इंचांत भरपूर आहेत.

२३५/७० आर १६ : व्यास ७३५.४. मूळच्या इतका जवळ की काट्यात फरक पडणार नाही. पण साध्या प्रतीचा लोड इंडेक्स १०६, म्हणजे ९५० किलो, १.१० ने भागून ८६४. मूळच्यापेक्षा कमी. भाजी नेण्यापुरता चालेल, खताला नको. ३१ × १०.५० आर १५ दिसायला दणकट, पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की या गाडीत तो पुढच्या रेडियस आर्मला घासण्याची भीती.

ठरलं ते एलटी २२५/७५ आर १६, लोड रेंज ई. 'एलटी' म्हणजे हलक्या ट्रकचा टायर, त्याला १.१० चा भागाकार नाही. व्यास ७४३.९, वाढ दीड टक्क्याच्या आत. ८० पीएसआय दाबाला १२१५ किलो पेलतो. एक गोष्ट लक्षात ठेवायची : हा टायर जुन्याच दाबावर चालवला तर जुन्या टायरपेक्षा कमी ओझं पेलतो. मूळची क्षमता हवी तर ५५ पीएसआयपर्यंत हवा भरावी लागते. त्यामुळे रिकामी गाडी थोडी आदळते. आदळू दे.

रिम सोळा बाय सात, अ‍ॅल्युमिनियमची, मधलं भोक ८७ हून मोठं. आतल्या बाजूला तिचा स्वतःचा भार कोरलेला असतो, तो वाचूनच पैसे दिले. पाच रिम, पाच टायर. पंधराची स्टेपनी ठेवली तर मागच्या अ‍ॅक्सलवर दोन वेगळ्या व्यासांची चाकं येतात आणि डिफरन्शियल सतत झिजतं.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

चाकं चढली. साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतच चालतात, म्हणून जास्त दाबाचे घातले. हवेच्या पान्याने नट आवळू दिले नाहीत. हाताच्या टॉर्क पान्याने, समोरासमोरचे नट आलटून पालटून, शंभर फूट-पाउंड. शेवटचे लेकाने आवळले. मग स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून टॉर्चने आत पाहिलं. पुढच्या चाकाच्या आतून रेडियस आर्मपर्यंत माझी दोन बोटं सहज जातात.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

गाडीची पूजा केली. झेंडू यंदा घरचाच.

शनिवार, १९ ऑक्टोबर

अर्धा टन खत आणलं. मागे ५५, पुढे ४५ पीएसआय. काटा ६० वर असताना फोनने ६१ दाखवले. परत आल्यावर नट पुन्हा तपासले. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर पहिल्या पन्नासेक मैलांनंतर ते करावंच लागतं. दोन नट किंचित फिरले, बाकीचे जागेवर होते. वळणावर गाडी आधीपेक्षा कमी डुलते. या ट्रकला हेच माप योग्य आहे, आणि वीस इंची चाकं फुकट मिळाली तरी घालू नयेत.