आमच्या किचनचा साग
नागपुरात जुना फ्लॅट घेतला की पहिला सल्ला ठरलेला : किचन तोडा. आमचं किचन नव्वदच्या दशकातलं. सागवानी कपाटं, त्यांवर काळपट पॉलिशचे थर, कडप्प्याचा ओटा. भरदुपारीही दिवा लावावा लागायचा. मॉड्युलरचं कोटेशन पाहिलं आणि गृहकर्जाचा हप्ता डोळ्यांपुढे आला.

सुतारकाकांनी दाराची कड घासून दाखवली. आत मधासारखं सोनेरी लाकूड. ‘‘काहून तोडता जी ताई? असली सागवान हाय.’’

सागाच्या गाभ्यात तेल असतं आणि वाळवीला नकोशी रसायनंही. सालीलगतच्या फिकट लाकडात ती नसतात. सिंकखालची तसली एकच फळी पोखरलेली निघाली, ती बदलली. पार्टिकल बोर्ड तिथे पाण्याने फुगला असता.

२०२३मध्ये उघडलेल्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं, अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून. आणि इथे घरोघरी सागवान उखडून सागाच्या छापाचा सनमायका लावतात!

आधी ८० नंबरचा पॉलिशपेपर, मग १२०, शेवटी २२०. त्यावर पारदर्शक मॅट पीयू. भिंती पांढऱ्या केल्या. कडप्पा ठेवला; तो चुनखडीचा दगड, म्हणून लिंबू सांडलं की लगेच पुसतो.

सासूबाई बघायला आल्या. ‘‘मग नवीन काय केलं?’’

‘‘उजेड, आई.’’

त्यांनी दिव्याचं बटण बंद करून पाहिलं. मग तसंच राहू दिलं.