खिडकींत मावेल तेवढेंच

संग्रह कितीही मोठा असला तरी पाहणाराचे डोळे दोनच असतात, ही गोष्ट साधी आहे. परंतु संगणकापुढें बसलेला मनुष्य ती फार लवकर विसरतो. यंत्राचें सामर्थ्य अफाट आहे असें एकदां मनानें घेतलें, कीं सर्व कांहीं एकाच वेळीं पडद्यावर मांडावें असा मोह होतो, आणि मग तेंच यंत्र खोळंबून बसतें. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ विद्यार्थी हल्लीं पायथन ही भाषा शिकत आहेत. त्यांस उपयोग व्हावा आणि पालकांसही ह्या विद्येची थोडी ओळख व्हावी, म्हणून ह्या मोहाविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कांहीं महिन्यांपूर्वीं एका परिचित शाळेच्या कचेरींत बसण्याचा आम्हांस प्रसंग आला. खेड्यावरून आलेले एक गृहस्थ मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला मागण्यासाठीं उभे होते. दुसऱ्या शाळेंत नांव घालण्याचा तो अखेरचा दिवस होता. कारकुनांनीं आज्ञावली उघडली. पडदा पांढरा पडला, आणि खिडकीच्या माथ्यावर 'प्रतिसाद नाहीं' अशा अर्थाचीं अक्षरें उमटलीं. कांहीं वेळ गेल्यावर ते गृहस्थ चाचरत म्हणाले, "भाऊसाहेब, पोरीचं नांव त्यांत नाहीं का?" कारकुनांनीं अखेर कपाटांतून जनरल रजिस्टर काढलें, सूचीवरून पान उघडलें, आणि यंत्र भानावर येण्यापूर्वींच नोंद सांपडली.

ह्या प्रसंगानें आमच्या मनांत विचार सुरू झाला. तें जाडजूड रजिस्टर यंत्राहून वेगवान् कां ठरलें? उत्तर सोपें आहे. रजिस्टर कधींही आपलीं सर्व पानें टेबलावर पसरीत नाहीं. हवें तेवढेंच पान तें उघडून दाखवितें. आज्ञावली मात्र उघडतांच वर्षभराच्या हजेरीचा सगळा तक्ता रचूं लागे. १,००० मुलांची शाळा आणि कामाचे २०० दिवस धरले, तर हजेरीच्या नोंदी २,००,००० होतात. प्रत्येक नोंदीचे सहा रकाने धरल्यास १२,००,००० घरें झालीं. पडद्यावर एका वेळीं सुमारें ४० ओळी, म्हणजे २४० घरें दिसतात. अर्थात् एक घर पाहण्यासाठीं यंत्र पांच हजार घरें बांधीत होतें!

संबंधितांच्या परवानगीनें ती आज्ञावली आम्हीं पाहिली. खिडक्या रचण्यासाठीं तींत क्यूटी नांवाचें साहित्य वापरिलें होतें. त्यांत 'क्यूटेबलविजेट' म्हणून एक तयार तक्ता मिळतो. लहान कामास तो उत्तम. पण त्यांत मजकुराच्या प्रत्येक घरासाठीं एक स्वतंत्र वस्तु निर्माण करून ठेवावी लागते. शंभर ओळींस हें जाणवत नाहीं; लाख ओळींस यंत्राची दमछाक होते. शिवाय पायथनमध्यें वस्तु जागाही पुष्कळ घेतात. नेहमींच्या ६४ बिटी पायथनमध्यें एक लहानसा पूर्णांक २८ बाइट व्यापतो; तोच नमपाय नांवाच्या संग्रहांत ओळीनें ठेविला तर ८ बाइटांत मावतो.

ह्यावरील उपायाचें बीज जुनेंच आहे. नॉर्वेचे त्रिग्वे रीन्सकॉग ह्यांनीं १९७९ सालीं, अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनशाळेंत असतांना, असें प्रतिपादन केलें कीं माहिती सांभाळणारा भाग वेगळा असावा आणि ती दाखविणारा भाग वेगळा असावा. क्यूटीनें २००५ सालीं आपल्या चौथ्या आवृत्तींत ह्याच तत्त्वावर तक्त्यांची नवी रचना दिली. तींत 'क्यूटेबलव्ह्यू' ही नुसती खिडकी, आणि तिच्या मागें 'मॉडेल' नांवाचा भांडारी. खिडकी भांडाऱ्यास दोनच प्रकारचे मुख्य प्रश्न विचारिते. पहिला, "एकंदर ओळी व रकाने किती?" दुसरा, "अमुक ओळींतील अमुक रकान्यांत काय आहे?" हा दुसरा प्रश्न ती मुख्यतः डोळ्यांसमोर असलेल्या घरांपुरताच विचारिते. वाचक खालीं सरकला, कीं नव्या ओळींविषयीं विचारिते. भांडाऱ्यापाशीं दोन लाख नोंदी असोत वा वीस लाख, खिडकीचें काम जवळजवळ सारखेंच राहतें. नोंदी दूरच्या कोठारांत असतील, तर 'फेचमोर' ह्या सोयीनें भांडारी त्या थोड्याथोड्या आणूं शकतो.

हीच युक्ति इतरत्रही आहे. डब्ल्यूएक्सपायथनमध्यें 'आभासी यादी' मिळते. तिला एकंदर संख्या सांगावयाची, आणि ती मागेल तेव्हां मजकूर द्यावयाचा. पायथनबरोबर बहुधा येणाऱ्या टीकेइंटरच्या 'ट्रीव्ह्यू'मध्यें अशी तयार सोय नाहीं. तेथें चाळीसच ओळी ठेवून, वाचक सरकेल तसा त्यांतील मजकूर आपणच बदलावा लागतो.

तथापि विद्यार्थ्यांनीं दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, खिडकी हलकी झाली म्हणून सर्व काम हलकें होत नाहीं. नांवें वर्णानुक्रमें लावणें किंवा एक नांव शोधणें हें काम माहितीच्या कोठारांतच व्हावें. एस्क्यूलाइटसारख्या कोठारास योग्य सूची करून दिली, तर तें रजिस्टराच्या सूचीप्रमाणें नेमक्या पानावर नेतें. दुसरी गोष्ट ही कीं, खिडकी रेखाटणें आणि बोटाचा दाब ओळखणें हीं दोन्हीं कामें एकाच धाग्यावर चालतात. त्या धाग्यास लांबलचक काम सांगितलें, कीं तो हांकेस ओ देत नाहीं. म्हणून लांब काम दुसऱ्या धाग्यास द्यावें. मात्र खिडकींतील वस्तूंस हात मुख्य धाग्यानेंच लावावा, हा नियम मोडूं नये.

आम्हीं हें आज्ञावली रचणाऱ्या तरुणास समजावून सांगितलें. तो समंजस होता. त्यानें तक्ता बदलला, आणि आतां ती खिडकी उघडतांच ओळी दिसूं लागतात. यंत्र तेंच आहे, नोंदीही त्याच आहेत. फक्त मागण्याची रीत बदलली.

पवित्र शास्त्रांत मान्नाची कथा आहे. रानांत इस्राएल लोकांनीं रोजच्या गरजेपुरताच मान्ना गोळा करावा अशी आज्ञा होती; ज्यांनीं अधिक सांठवून सकाळपर्यंत ठेविला, त्यांच्या मान्नांत किडे पडले. पुढच्या दिवसाचें पुढच्या दिवशीं मिळेल, हा विश्वास त्यांस शिकावयाचा होता. आज्ञावली रचणारासही कांहींसा असाच विश्वास हवा. पुढील ओळ मागतांच मिळेल अशी व्यवस्था एकदां नीट केली, म्हणजे ती आधींच हातांत धरून बसण्याचें कारण उरत नाहीं. परीक्षेच्या आदल्या रात्रीं सगळें पुस्तक एकदम डोक्यांत भरूं पाहणाऱ्या आमच्या बाळांनींही ह्याचा विचार करावा!

ह्यांत आणखी एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. खिडकी चाळीसच ओळी दाखविते, परंतु "एकंदर किती?" ह्या प्रश्नाचें उत्तर देतांना भांडारी एकही ओळ वगळीत नाहीं. जें मूल शेवटच्या ओळींत आहे, ज्याचें नांव कित्येक दिवस कोणीं पाहिलेंही नाहीं, तेंही त्या मोजणींत असतें, आणि कोणी विचारिलें कीं तत्काळ समोर येतें. विद्यार्थिमित्रहो, तुम्ही पुढें शाळांसाठीं, रुग्णालयांसाठीं, कचेऱ्यांसाठीं अशीं कोठारें रचाल. तेव्हां दाखवाल तें थोडें दाखवा; पण सांभाळाल तें सर्व सांभाळा, आणि दाराशीं उभ्या असलेल्या माणसास आपलें नांव हरवलें असें क्षणभरही वाटूं देऊं नका.