घरांतील सेल आणि त्यांचा चार्जर

संसारांतील मोठे खर्च सर्वांच्या डोळ्यांसमोर असतात. दुधाचें, किराण्याचें, विजेचें बिल महिन्याच्या महिन्यास येतें व त्यावर घरांत चर्चाहि होते. सेलांचें तसें नाहीं. कोणी कोपऱ्यावरच्या दुकानांतून दोन आणतो, कोणी चार. त्यांची नोंद कोणत्याच वहींत होत नाहीं. नारायण पेठेंतील आमचें घर तीन पिढ्यांचें, माणसें अकरा. एकदां सहज मोजदाद केली, तेव्हां एकूण एकतीस सेल निरनिराळ्या वस्तूंत बसलेले आढळले. भिंतीवरचीं घड्याळें, रिमोट, नातवंडांच्या मोटारी, संगणकाचा माऊस, आईच्या रक्तदाबाचें यंत्र, विजेऱ्या, सर्वांचें पोषण त्यांवरच. तेव्हां यापुढें पुन्हां पुन्हां भरतां येणारे रिचार्जेबल सेल आणावेत असें ठरलें, आणि निवृत्त माणूस म्हणून तें काम माझ्याकडे आलें. (‘विद्युत्घट’ व ‘प्रभारक’ हे शब्द मला ठाऊक आहेत, पण बुधवारांतील तापकीर गल्लींत जाऊन ‘प्रभारक दाखवा’ म्हटल्यास दुकानदार काय पुढें करील हें सांगतां येत नाहीं. म्हणून सेल व चार्जर हेच शब्द ठेवतों.)

घरांतले एकूणएक सेल बदलावेत काय? माझ्या मतें मुळींच नाहीं. भिंतीवरचें घड्याळ हा अल्पाहारी प्राणी आहे. कार्बन-जस्ताचा एक साधा सेल त्यास वर्षभर पुरतो. रिमोटचीहि तीच गोष्ट. तेथें महाग सेल घालणें म्हणजे पैसा भिंतीवर टांगून ठेवणें होय. उलट खेळण्यांसारख्या ज्या वस्तूस महिन्याला सेल लागतात, तेथें या सेलांचें मोल वर्ष-सव्वा वर्षांत फिटतें. भरण्यास लागणारी वीज तर नगण्यच. एका युनिटांत एक सेल दीडशें वेळां तरी भरून निघेल.

पुनः पुनः भरतां येणारा पहिला घट फ्रान्समध्यें प्लांते यांनीं १८५९ सालीं केला, तो शिशाचा. निकेल-कॅडमियमचा घट स्वीडनच्या युंगनर यांनीं १८९९ त काढला. पण कॅडमियम विषारी. आज बाजारांत मिळतो तो बहुधा निकेल व धातु-हायड्राइडचा. (संस्कृत शिकविलेल्या माणसास येथें हटकून अगस्त्यसंहितेचे श्लोक विचारले जातात. ज्या हस्तलिखिताच्या आधारें ते सांगतात त्याचें प्राचीनत्व सिद्ध झालेलें नाहीं, एवढेंच माझें उत्तर असतें.) या सेलांत पूर्वीं एक मोठी खोड होती. भरून कपाटांत ठेवले तरी ते कांहीं महिन्यांत आपोआप रिकामे होत. २००५ सालीं सान्यो या जपानी कंपनीनें ही गळती पुष्कळ कमी केलेले सेल विक्रीस आणले. घ्यावयाचे ते अशाच जातीचे. वेष्टणावर ‘रेडी टू यूज’ असें लिहिलेलें असतें, म्हणजे ते भरूनच येतात. बोटाएवढ्या सेलावर २,००० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास आंकडा असावा. ३,५०० वा ४,००० छापलेलें दिसलें तर तो सेल तळहातावर तोलून पाहावा. चांगला सेल २५ ग्रॅमहून हलका सहसा नसतो. छापणाऱ्यास शाई स्वस्त पडते.

दाबाविषयीं आमच्या धाकट्या बंधूंनीं शंका काढली. साधा सेल १.५ व्होल्टचा, हा १.२ चा, मग यंत्र चालावें कसें? पण साध्या सेलाचा दाब वापराबरोबर सारखा उतरत जातो, आणि हा मात्र बहुतेक शेवटपर्यंत १.२ च्या जवळपास टिकून राहतो व मग एकदम कोसळतो. रक्तदाबाच्या यंत्रांत यामुळें सेल भरलेला असतांहि संपल्याची खूण लवकर उमटूं शकते. म्हणून त्याच्या पुस्तिकेंत कोणते सेल चालतात हें आधीं पाहावें.

विजेरीचा प्रश्न याहून गंभीर आहे. साध्या सेलाची विजेरी मंद होत होत इशारा देते, ही देत नाहीं. वाड्याचा लांकडी जिना अरुंद. वीज गेलेली असतांना मध्यरात्रीं म्हाताऱ्या माणसाच्या हातांतला प्रकाश मध्येंच विझला तर पायरी चुकते, आणि त्या वयांत खुब्याचें हाड मोडणें म्हणजे अंथरुणाला खिळणें. म्हणून आईच्या उशाशीं असलेल्या विजेरींत मी साधे अल्कलाइन सेलच घालतों, व गुढीपाडव्यास आणि दसऱ्यास बदलतों. उतरलेले सेल घड्याळांत जातात, तेथें ते आणखी बरेच महिने काम देतात.

आतां चार्जर. सेल निवडण्यांत लोक तास घालवितात आणि चार्जर दुकानदार देईल तो घेतात. वस्तुतः लक्ष द्यावयाचें तें येथेंच. अगदीं स्वस्त चार्जर सेल भरला कीं नाहीं हें ओळखत नाहीं; तो आपला ओततच राहतो. २,००० चा सेल २०० मिलिअँपिअरनें भरावयाचा तर हिशेबानें दहा तास, पण कांहीं शक्ति उष्णतेंत जात असल्यानें चौदा-पंधरा तास लागतात. ते कोणीं मोजावयाचे? उलट पाव तासांत भरणारे चार्जर सेल इतका तापवितात कीं त्याचें आयुष्य घटतें. मधला मार्ग बरा: प्रत्येक सेलास स्वतंत्र खाना व स्वतंत्र दिवा, ५०० ते १,००० मिलिअँपिअरचा प्रवाह, आणि भरल्यावर आपोआप थांबण्याची सोय. दोन-दोनच्या जोडीनेंच भरणारा घेऊं नये, कारण जोडींतील दोन सेल सारखे रिकामे झालेले क्वचितच असतात. एकदां चांगला चार्जर घरांत आला कीं मध्यम प्रतीचे सेलहि कित्येक वर्षें चालतात; वाईट चार्जर उत्तम सेलांचाहि लवकर निकाल लावतो. साधा सेल मात्र त्यांत चुकूनहि ठेवूं नये. तो गळतो, प्रसंगीं फुटतोहि.

जोड्या फोडूं नयेत. द्वंद्व समासांत दोन्ही पदें समप्रधान लागतात, तसेंच हें. एक भरलेला व एक अर्धा असे एकत्र घातले तर दुबळा आधीं रिकामा होतो, आणि सबळ त्यांतून प्रवाह दवडीतच राहून त्यास बिघडवितो. एकत्र कुटुंबांत हें फार घडतें, कारण नातू मोटारींतला एक सेल काढून माऊसमध्यें घालतो. प्रत्येक जोडीवर मीं अ, आ, इ अशीं अक्षरें न पुसणाऱ्या शाईनें घातलीं आहेत. तेव्हांपासून धाकट्या नातवाला स्वर पाठ झाले.

अलीकडे अंगावर यूएसबीचें भोंक असलेले लिथियमचे १.५ व्होल्टचे सेलहि मिळतात. दाब पुरेसा, हा त्यांचा गुण. पण ते निकेलच्या चार्जरमध्यें कदापि घालूं नयेत, आणि त्यांच्या आंतील नियामकामुळें मध्यम लहरींच्या रेडिओंत खरखर येऊं शकते. मी अद्याप ते घरांत आणलेले नाहींत.

निकामी सेल कचऱ्यांत टाकावयाचे नाहींत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनीं ते परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आमच्या घरीं श्रीखंडाचा रिकामा डबा त्यांसाठीं जिन्याखालीं ठेवला आहे. प्रत्येक सेलाच्या टोकास चिकटपट्टी लावून तो आंत टाकावयाचा, आणि डबा भरला कीं वर ‘सेल’ असें मोठ्या अक्षरांत लिहून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावयाचा. सुनबाईंनीं तो दोनदां खरें श्रीखंड समजून उघडला.