निजेतली पावलं

जुन्या नाशकात, दूधबाजारामागे आमचं दुमजली घर. जिना लाकडी, अरुंद. धाकटा भाऊ आठ वर्षांचा असताना रात्री उठून त्या जिन्याकडे चालू लागे. डोळे उघडे, पण ओळख नाही. एकदा तर तिसऱ्या पायरीवर उभा सापडला. शेजारच्या खाला म्हणाल्या, ‘‘साया लागलाय.’’ दंडावर तावीज आला. अम्मीने तो काढला नाही. पण जिन्याच्या दाराला वरच्या अंगाला कडीही ठोकून घेतली.

डॉक्टरांनी समजावलं : हे बहुधा रात्रीच्या पहिल्या प्रहरातल्या गाढ झोपेत घडतं. मेंदूचा काही भाग जागा होतो, बाकीचा निजलेलाच. ताप, जागरण यांनी ते वाढतं, घराण्यातही असतं. (अब्बाही लहानपणी चालत, हे फुप्पीने तेव्हा कुठे कबूल केलं!) गदागदा हलवू नये, हळूच वळवून अंथरुणावर न्यावं.

रमजानात तो सहरीला हट्टाने उठे आणि दुसऱ्या रात्री हमखास चाले. म्हणून अम्मी त्याला मगरिबनंतर लवकर निजवू लागली. चालण्याची वेळ साधारण ठरलेली. तरावीहहून आलेले अब्बा पंधरा मिनिटं आधीच त्याला हलकेच जागं करत.

बाराव्या वर्षी ते थांबलं. श्रेय खालांनी घेतलं. अम्मीने घेऊ दिलं.