गणपतीची बैठक

काल रात्री जेवणं आटोपल्यावर सोसायटीच्या गणपतीची बैठक झाली. सुरतेतल्या डिंडोलीत, आमच्या ओळीत निम्मी घरं धुळे-जळगावकडची. त्यामुळे सुरुवात गुजरातीत होते आणि आवाज चढला की गाडी अहिराणीवर येते. वर्गणी, मांडव, डीजे यावर तासभर. गटाराच्या चेंबरवर पाच मिनिटं. मला हे उलटं वाटतं. हे सुरत आहे! १९९४च्या सप्टेंबरात प्लेगच्या धास्तीनं लाखो माणसं इथून पळाली. पुढच्या वर्षी एस. आर. राव पालिका आयुक्त म्हणून आले तेव्हा कुठे शहर झाडलं जाऊ लागलं. २००६च्या ऑगस्टात उकाई धरणातून सोडलेलं पाणी तापीतून घराघरांत शिरलं. आणि लिंबायतकडची खाडी जोराच्या पावसात आजही फुगते. अशा वेळी पालिकेच्या आधी शेजारीच धावतो. पण टाकीच्या मोटारीची चावी कुणाकडे, हे तरी त्याला अशा बैठकीत कळायला हवं ना.

म्हणून मी यंदा डीजे नको म्हटलं, तर कोपऱ्यातले काका म्हणाले, "मंग तूच व्हई जा खजिनदार." झालो. वहीत पहिली नोंद: चेंबरची झाकणं, दोन. पोरं रुसलीयेत. मिरवणुकीला ढोल-ताशा तरी ठरवावा लागेल.