परका उमेदवार

गोवंडीत राहणाऱ्याने दुसऱ्यास ‘परका’ म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे, असे आम्हांस हल्ली वाटू लागले आहे. आमचे अण्णा राजापूरहून येथे आले. शेजारचे बिऱ्हाड साताऱ्याचे, त्या पलीकडचे अलाहाबादेकडील. तरीही 1967 साली आमच्या घरात हा शब्द दोन महिने सारखा गाजत होता, आणि तो व्ही. के. कृष्ण मेनन यांच्याविषयी होता.

हा मनुष्य विलक्षण खरा. जन्म केरळातील, उमेदीची वर्षे लंडनमध्ये. तेथे सेंट पँक्रास भागाचे नगरसेवकपद आणि हिंदी स्वातंत्र्याची अखंड वकिली. 1957 साली संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवर ते सुमारे आठ तास बोलले. जीभ मात्र तिखट. ते संरक्षणमंत्री असताना थिमय्यांसारख्या सेनापतीस राजीनाम्यापर्यंत जावे लागले, यात त्यांच्या स्वभावाचा वाटा नव्हता असे आम्हांस म्हणवत नाही. 1961 च्या अखेरीस गोवा मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी उत्तर मुंबईने आचार्य कृपलानींस बाजूस सारून त्यांना प्रचंड मतांनी निवडले. अण्णांचे मतही त्यांनाच होते. पण त्याच ऑक्टोबरात चीनचे आक्रमण झाले, मेनन यांस पायउतार व्हावे लागले आणि यशवंतराव दिल्लीस गेले.

1967 साली काँग्रेसने त्यांना उमेदवारी नाकारली. कारण काय, तर ते मुंबईचे नव्हेत! मेनन पक्ष सोडून ईशान्य मुंबईतून अपक्ष उभे राहिले. समोर स. गो. बर्वे, पानशेतच्या पुरानंतर पुणे सावरणारे, कर्तबगार आणि निष्कलंक गृहस्थ. नव्याने निघालेली शिवसेनाही बर्व्यांच्या बाजूने उतरली. बर्वे सुमारे 13,000 मतांनी विजयी झाले आणि दुर्दैवाने थोड्याच दिवसांत वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांनी मेनन यांस पुन्हा हरविले.

अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष हेन्री वॉलेस यांचीही गत अशीच झाली होती. 1944 साली पक्षाने त्यांना त्या पदासाठी पुन्हा उभे केले नाही. 1948 साली ते निराळ्या पक्षातर्फे अध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि सपशेल पडले. पण त्यांना नाकारले ते त्यांच्या मतांसाठी, रशियाशी सलोखा हवा म्हणत म्हणून. आयोवात जन्मलात तर इकडे कशाला आलात, असे कोणी विचारले नाही.

आम्ही तेव्हा शाळकरी होतो. पुढे एकदा धीर करून अण्णांना विचारले, “तुम्ही बर्व्यांना मत का दिलेत?”

“चीनमुळे. मेननांनी सैन्याची तयारी ठेवली नव्हती.”

“मग दोन महिने ‘परका, परका’ कशासाठी म्हणत होतात?”

अण्णांनी वर्तमानपत्र उघडले. ज्या मेनन यांस मुंबईने परके ठरविले, त्यांना 1969 साली बंगालातील मेदिनीपूरने निवडून दिले होते, हे आम्ही बोललो नाही. वडिलांशी वाद घालण्यास मर्यादा असते.

बऱ्याच वर्षांनी आमच्या पुतण्याला साताऱ्याच्या सैनिक शाळेत घालायचे ठरले. देशातील ही पहिली सैनिक शाळा. 1961 साली निघाली. माहितीपत्रक अण्णांनी चष्मा पुसून दोनदा वाचले.

“या शाळांची कल्पना मेननांची बरे का,” ते म्हणाले, आणि पत्रक आमच्या हाती दिले. “अर्ज रजिस्टर टपालाने पाठव. मुदत चुकायला नको.”