अव्वाची न्हाणी

आमच्या घरात एकाच खोलीला तीन नावं आहेत. मी तिला न्हाणी म्हणते, सासूबाई बच्चल म्हणतात आणि मुलगा बाथरूम. खोली तेवढीच, पाच फूट बाय सहा फूट. पण या एवढ्याशा खोलीने मला जे शिकवलं, ते आज लिहावंसं वाटतं.

माझं माहेर चंदगडकडचं. लग्न होऊन बेळगावात वडगावला आले, तेव्हा मला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. मामंजी मराठी बोलणारे, पण सासूबाई बैलहोंगलकडच्या. माझे मिस्टर त्यांना अव्वा म्हणत, म्हणून मीही अव्वाच म्हणू लागले. 'नीर', 'चरगी', 'कोड' हे माझे पहिले कन्नड शब्द. ते मी त्या न्हाणीतच शिकले, कारण पहाटे उठून पाणी भरणं हे नव्या सुनेचं पहिलं काम होतं.

जुनी न्हाणी तुम्हीही पाहिली असेल. खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात चुलीवर बसवलेला तांब्याचा मोठा हंडा. जाळ बाहेरच्या बाजूने घालायचा, त्यामुळे धूर आत येत नसे. वर कौलं. उजेड असा नाहीच. मामंजी मागावरून उठून यायचे, तेव्हा हंड्यातलं पाणी कढत असायचं. पुढे माग बंद पडला, मामंजीही गेले. घरात गीझर आला आणि चूल थंडावली. हंडा मात्र जागेवरच होता.

2021 मध्ये मी ही न्हाणी बदलायला घेतली. खरं सांगायचं तर मला तिची लाज वाटत होती. मुलाचे मित्र यायचे, पाहुणे यायचे आणि मी त्यांना त्या काळ्या फरशीच्या अंधाऱ्या खोलीत पाठवायची! पैसे साठवून चकचकीत मोतिया रंगाच्या टाइल्स आणल्या. शहाबाद्या उखडल्या. एकूण नऊ होत्या, त्यातली एक काढताना फुटली. त्या मागल्या दारी भिंतीला टेकवून ठेवल्या. हंडा माळ्यावर गेला. अव्वा दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या. एवढंच म्हणाल्या, "कल्ल छलो इद्दुवु." दगड चांगले होते. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

टाइल्स दिसायला देखण्या होत्या, यात शंका नाही. पण साबणाचं पाणी सांडलं की पाय सरकायचा. मी एक रबरी चटई आणून टाकली. ती आठवड्याभरात बुळबुळीत झाली. दुसरी आणली. आपण चुकलोय हे मनात येत होतं, पण नुकतेच एवढे पैसे घातले होते. कबूल कोण करणार?

2023 च्या श्रावणात एका सोमवारी सकाळी आतून आवाज आला. मी धावले. दार आत उघडणारं होतं आणि अव्वा नेमक्या दाराला लागून पडल्या होत्या. ढकलावं तर दार त्यांच्याच अंगावर. आतून त्या कण्हत होत्या आणि बाहेर आम्ही दोघं नुसते उभे. शेवटी मिस्टरांनी शेजाऱ्याकडून पहार आणून बिजागऱ्या उखडल्या. त्याला वीसेक मिनिटं लागली असतील. ती वीस मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, नऊ दिवस दवाखान्यात काढले. घरी सोडताना डॉक्टरांनी विचारलं, "न्हाणीत धरायला काही आहे का? बसायला उंच आसन आहे? फरशी कशी आहे?" तिन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते म्हणाले, "मग आधी ते करा. एकदा पडलेलं माणूस पुन्हा तिथंच पडतं." महिनाभर अव्वांना खोलीतच अंग पुसून देत राहिले आणि त्या महिन्यात न्हाणी करून घ्यायचं ठरवलं.

एका कंत्राटदाराने सगळं नवं करायचे एक लाख दहा हजार सांगितले. दवाखान्याचं बिल भरून आम्ही आधीच वाकलो होतो. तेव्हा मिस्टरांनी ओळखीच्या एका म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. त्यांनी न्हाणीत उभं राहून पायाचा अंगठा टाइलवर घासला, मग मागल्या दारी जाऊन आले आणि म्हणाले, "वैनी, नवी फरशी कशाला शोधतासा? तुमची फरशी तुमच्याच मागल्या दारात हाय की!"

मला काही बोलता येईना. दोन वर्षं मी रोज त्या दगडांवर चादरी वाळत घालत होते.

सहा दिवस काम चाललं. टाइल्स निघाल्या. शहाबादी हा चुनखडीचा दगड, कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादवरून त्याला नाव पडलं. आपल्या भागात जुन्या घरात तो नाही असं घर विरळा. वापरून वापरून एक बाजू गुळगुळीत झाली होती. गवंड्यांनी दगड उलटे केले आणि जात्याला लावतात तशी त्यांना हलकी टाकी लावली. ओल्या पायालाही धरून ठेवील एवढा खरखरीतपणा आला. सात दगड जमिनीला पुरले, आठवा आसनाला. नववा, जो माझ्या हौसेपायी फुटला होता, त्याच्या तुकड्यांचा साबण ठेवायचा कोनाडा झाला.

उतार फुटाला पाव इंच ठेवला. त्याहून कमी ठेवला तर पाणी साचतं आणि शेवाळ धरतं, जास्त ठेवला तर म्हाताऱ्या माणसाचा तोल जातो. जाळीखालच्या भांड्याला प्लंबर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. इंजिनिअरिंगच्या पुस्तकांतही हाच शब्द आहे म्हणे. आपली न्हाणी कुठवर पोचली बघा!

आसन विटांचं बांधलं आणि वर दगड बसवला. उंची अव्वांच्या गुडघ्याएवढी, म्हणजे बसताना खाली वाकायला नको आणि उठताना जोर करायला नको. धरायला दांडी हवी होती. कपडे वाळवायचा जुना जी.आय. पाइप अंगणात होता. तो आतून गंजलेला नाही हे बघून घेतलं, कापून, घासून रंग दिला. अव्वांना वॉकर धरून भिंतीशी उभं केलं, हात सहज जाईल तिथं खडूने खूण केली. जमिनीपासून 32 इंच भरलं. भिंत नऊ इंची विटेची होती, म्हणून आरपार भोक पाडून बाहेरून पट्टी आणि नट घालून दांडी पक्की केली. गवंडी स्वतः तिला लोंबकळले आणि मग म्हणाले, "आता धरू दे म्हातारीला." टॉवेल अडकवायची दांडी धरायला चालत नाही, ती माणसाचं वजन पेलत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

दाराची चौकट रुंद केली. जुनं दार अडीच फुटांचंही नव्हतं, वॉकर आत जाईना. मामंजींच्या मागाच्या खोलीचं सागवानी दार तसंच पडून होतं. ते पावणेतीन फुटांचं. सुताराने ते बाहेर उघडेल असं बसवलं आणि कडी अशी लावली की गरज पडली तर बाहेरूनही काढता येईल. ज्या दिवशी ते दार बाहेरच्या बाजूला उघडलं, त्या दिवशी मी दाराआड जाऊन डोळे पुसले.

वर एक कौल काढून काचेचं कौल बसवलं. शेजारच्या गल्लीत जुनं घर पाडत होते, तिथून ते मागून आणलं. सकाळी नऊच्या सुमाराला आता उन्हाचा एक चौकोन थेट आसनावर पडतो.

सगळंच जमलं असं नाही. मागाच्या एका फळीची मी हौसेने फडताळासारखी मांडणी करून घेतली. महिन्याभरात ती पाण्याने फुगली आणि काढावी लागली. लाकूड ओल्या जागी नको, हे गवंडी सांगत होते, मी ऐकलं नव्हतं. दुसरं म्हणजे टाइल्सच्या सवयीने मी पहिल्याच आठवड्यात ॲसिडची बाटली आणली होती. चुनखडीच्या दगडाला ॲसिड खातं. वेळीच कळलं म्हणून बरं. आता साबण आणि काथ्या, बस्स. सगळ्या कामाला मिळून 18,400 रुपये आले.

राहिला हंडा. घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी अव्वांनी विचारलं होतं, "हंडे एल्लैति?" हंडा कुठं आहे? मला वाटलं होतं, त्या विसरल्या असतील. माळ्यावरून उतरवला तर काळाकुट्ट, आणि बुडाशी एक बारीक छिद्र. ते झाळून घेतलं. चिंच आणि मीठ लावून घासताना मिस्टर आणि मुलगा दोघांचेही हात दुखून आले. चूल आता नाही, गीझर आहे. पण आमच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही, साठवायला भांडं लागतंच. म्हणून आसनाच्या उजव्या हाताला विटांचा कट्टा करून त्यावर हंडा बसवला. अव्वा बसल्या जागेवरून, न वाकता, चरगी बुडवून पाणी घेऊ शकतात.

पहिल्या दिवशी मी त्यांना धरून आत नेलं. दांडी धरून त्या उभ्या राहिल्या. पाय उचलला, दगडावर ठेवला, पुढे-मागे घासून पाहिला. खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग मीच म्हणाले, "अव्वा, माझंच चुकलं. तुम्ही तेव्हा सांगितलं होतंत."

त्या आसनावर बसल्या. त्यांच्या त्या अर्ध्या मराठी, अर्ध्या कन्नडमध्ये म्हणाल्या, "मी तरी काय शहाणी? माझी बहीण आली तेव्हा तिला हात धरून न्हेऊन टाइल दाखवली की! म्हटलं, बघ, सुनेनं कसं केलंय." आणि हसल्या. "साक बिडु. पाणी घाल."

मी पाणी घातलं. दोन वर्षं जे मला वाटत होतं की त्या मनातल्या मनात मला बोल लावत असतील, ते सगळं त्या पाण्याबरोबर वाहून गेलं. त्या तर माझ्या टाइल्सचं कौतुक करत फिरत होत्या!

त्या वर्षीची दिवाळी नोव्हेंबरात होती. बैलहोंगलकडे नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी 'नीर तुंबो हब्ब' करतात, पाणी भरायचा सण. हंडा घासून त्यावर चुन्याच्या आणि काव्याच्या रेघा ओढायच्या, गळ्याशी हिंडलीकाईचा वेल बांधायचा आणि भरून ठेवायचा. हंडा माळ्यावर गेल्यापासून आमच्याकडे हा सण झालाच नव्हता. मुलाने तर पाहिलेला आठवतही नव्हता. अव्वा खुर्चीवर बसून सांगत होत्या आणि तो रेघा ओढत होता. वाकड्या आल्या, तरी पुसू दिल्या नाहीत. पहाटे अव्वांना तेल लावून त्याच हंड्यातलं पाणी ऊन करून घातलं. आणि नंतर आमच्या चंदगडच्या रीतीप्रमाणे मुलाने उंबऱ्याशी टाचेखाली कारीट फोडलं. दोन्हीकडचं एक एक कडू फळ, आणि दोन्ही एकाच दाराशी.

आंघोळ करून बाहेर येताना अव्वा दारात थांबल्या. मामंजींच्या त्या सागवानी दारावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "छलो आत."

तुमच्याही घरी कुणी म्हातारं माणूस असेल, तर आज एकदा न्हाणीत जाऊन बघा. दार कुठल्या बाजूला उघडतं? धरायला काय आहे? ओल्या पायाखाली काय आहे? आणि नवं आणायला दुकानात जाण्याआधी मागल्या दारी आणि माळ्यावर एक नजर टाका. माझ्या घरात जे हवं होतं, ते बहुतेक सगळं तिथंच होतं. मीच ते काढून ठेवलं होतं.